पाटीवरची तिसरी ओळ

आमच्या धबधब्याच्या उद्यानात शिरलं की डाव्या हाताला एक हिरवी पाटी आहे. वर पिवळ्या रंगात ‘इतिहास’ असं लिहिलंय आणि खाली अकरा ओळी. पहिल्या ओळीत नदी कुठून येते ते सांगितलंय, दुसरीत इथला काळा खडक कसा झाला ते. तिसरी ओळ अशी होती : ‘पूर्वी हे ठिकाण निर्जन व दुर्लक्षित होते.’ चौथ्या ओळीपासून उद्यान सुरू होतं ते अकराव्या ओळीपर्यंत संपत नाही.

पाटी लागली त्या आठवड्यात मी थोरल्या लेकीकडे होते; परतताना पुसेगावच्या बाजारातून वांगी घेऊन येत होते. उद्यानाच्या फाटकाशी माझं उपाहारगृह आहे. चहा, भजी, पिठलं-भाकरी, सुट्टीच्या दिवशी भरलं वांगं. शिक्षण आठवीपर्यंतच झालं, पण समोर येईल ते वाचायची सवय आहे. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा सोडत नाही. म्हणून पिशवी खाली ठेवून पाटी वाचू लागले. तिसऱ्या ओळीशी आले आणि डोकं तापलं.

निर्जन म्हणजे जिथे माणूस नसतो ती जागा. मग बावीस वर्षं त्या खडकावर चूल मांडून चहा विकत होती ती कोण होती?

आधी आमच्या धबधब्याबद्दल सांगते. तो फार मोठा नाही. दुमजली घराच्या गच्चीवरून कोणी हंडे ओतत राहावं, तेवढा. आषाढात कामाला लागतो, दिवाळीपर्यंत राबतो आणि मग रजेवर जातो. उद्यानाच्या जाहिरातीत मात्र तो बाराही महिने कोसळत असतो. ती पाहून लोक चैत्रात येतात, कोरड्या कड्याकडे बघतात आणि मला विचारतात, “मावशी, धबधबा कुठंय?” मी सांगते, “गावाला गेलाय. आषाढात येतो. तवर भजी खा.” रजेच्या दिवसांत त्याची जागा भरून काढायला साहेबांनी झुलता पूल केलाय, बदकाच्या आकाराच्या दोन पायडल-होड्या आणल्यात, फोटोसाठी बदामाची लाल चौकट उभी केलीय आणि एक सिमेंटचं हरीण बसवलंय. हरणाचं एक शिंग पहिल्याच रविवारी मोडलं. लेकरं त्याला आता गाढव समजतात आणि खूश असतात.

पण धबधब्याची खरी मौज खालच्या खडकात आहे. पाण्याने गोटे फिरवून फिरवून तिथे खोल, गुळगुळीत, गोल खड्डे कोरलेत. पाटीवर त्यांना ‘रांजणखळगे’ म्हटलंय. आम्ही नुसतं रांजण म्हणतो. काही कमरेएवढे खोल, काही घमेल्याएवढे. आणि या रांजणांना मालकिणी होत्या.

भाद्रपद सरत आला की आमच्याकडे दसरा काढतात. घट बसायच्या आत घरातली चिंधीन् चिंधी धुऊन निघाली पाहिजे; गोधड्या, वाकळा, घोंगड्या, पडदे, पोती, सगळं. बैलगाडी भरून धुणं नदीवर यायचं. एकेका रांजणात एकेका घराच्या गोधड्या रात्रभर सोड्यात भिजत पडायच्या आणि सकाळी बायका त्या खडकावर घेऊन बडवायच्या. कोणता रांजण कोणाचा, हे सासू सुनेला दाखवून द्यायची. मी लग्न होऊन आले त्या वर्षी सासूबाईंनी मला देव्हारा दाखवला, पाण्याचा माठ दाखवला आणि तिसरा हा रांजण दाखवला. त्याला एका बाजूला साबण ठेवण्याजोगी खाच आहे. “खाचवाला आपला,” त्या म्हणाल्या, “लई जणींचा डोळा हाय त्याच्यावर. ध्यान ठेव.”

मी ध्यान ठेवलं. दुसऱ्याच वर्षी माझ्या ध्यानात आलं की चाळीस-पन्नास बायका सकाळपासून बडवताहेत, हात सोलवटलेत, आणि दोन कोसांत चहाचा घोट नाही. मी घरून पातेलं, गूळ आणि पत्ती आणली, तीन दगडांवर चूल मांडली. पहिल्या दिवशी सगळ्या हसल्या. नदीवर कुठं चहा असतो का, म्हणाल्या. दुपारी एकीने घेतला, मग सगळ्यांनी घेतला. तेव्हापासून मी उठले नाही. दसऱ्याच्या धुण्यानंतर मेंढ्या धुवायला धनगर यायचे, मग शाळांच्या सहली, मग डोंगरकडा गावाकडून परतणारी वऱ्हाडं सावलीला थांबायची. चुलीवर छप्पर आलं, छपराला कुडाच्या भिंती आल्या, भिंतींच्या विटा झाल्या. दोन मुली त्या चुलीवर शिकल्या. कोणी हात दिला नाही आणि मी मागितलाही नाही.

हे सगळं मी घासाघीस करून उभं केलं. घासाघिशीचं माझं शास्त्र सोपं आहे : जो माल घ्यायचा त्याला नावं ठेवायची. वांगी घ्यायची असली की आधी ती किडकी ठरवायची, मग शिळी, मग बियांनी भरलेली. पुसेगावच्या बाजारात एक भाजीवाली मला पाहिलं की टोपलीवर पदर टाकते. एकदा ती वैतागून म्हणाली, “एवढी वाईट हायती तर घेऊन काहून राहिल्या मावशी?” मी म्हटलं, “तुमची दया येते म्हणून.” तिने वर दोन वांगी जास्त टाकली, मी जावं म्हणून.

माझे मालक शिंपी आहेत. शिवणयंत्रावर बसून कमी बोलतात आणि जे बोलतात ते टाचणीसारखं. त्यांचं म्हणणं, मी देवापुढे नारळ फोडतानाही आधी नारळात खोट काढते.

तर पाटी वाचली आणि वांग्यांची पिशवी तशीच घेऊन मी साहेबांच्या खोलीत गेले. उद्यानाचे साहेब म्हणजे हट्टा गावाकडचा तरुण पोरगा. इस्त्रीचा सदरा, मवाळ बोलणं. कोणी ओरडलं की तो आणखी हळू बोलतो. त्यामुळे ओरडणाऱ्याला आपलाच आवाज ऐकू येतो. ही त्याची सगळ्यात वाईट खोड.

“या मावशी. चहा मागवू?”

“चहा मी विकते. मला पाजू नका. ती तिसरी ओळ कोणी लिहिली?”

“मीच. म्हणजे जुन्या फायलीवरून काढली. काहून हो?”

“निर्जन म्हणजे काय?”

“जिथं कोणी नसतं ते.”

“मग मी कोण?”

साहेबांनी अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न आल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. मी खुर्ची ओढून बसले आणि सौदा सुरू केला. मला सात ओळी पाहिजेत, म्हटलं. दोन रांजणांवर, दोन दसऱ्याच्या धुण्यावर, एक मेंढ्यांवर आणि दोन चहावर. साहेब म्हणाले, पाटी अकराच ओळींची मंजूर आहे. मी पाचांवर आले. ते म्हणाले, पाटी रंगवून झाली. मी तिनांवर आले. त्यांनी एक फाईल पुढे ओढली. मी एका ओळीवर आले.

समोरचा जागचा हलत नसला की उठून चालू लागायचं, हे मी बाजारात शिकले. चार पावलं टाकली की मागून हाक येते. मी उठले, चार पावलं टाकली. हाक आली नाही. पाचवं टाकलं, सहावं टाकलं. दारात जाऊन चप्पल घातली, ती काढली, पुन्हा घातली. साहेब फायलीत मान घालून बसलेले. शेवटी मीच परत येऊन बसले. माझ्या आयुष्यात असं पहिल्यांदा झालं. त्या पोराला बाजाराची रीतच माहीत नव्हती.

मग मला रांजणांशेजारची दुसरी पाटी आठवली. लाल अक्षरांची. ‘येथे गोधड्या व कपडे धुण्यास सक्त मनाई आहे.’ उद्यान झाल्यापासून आम्हाला खालच्या घाटावर धुवावं लागतं, तो राग वेगळाच. पण त्या क्षणी ती मनाई माझ्या कामाला आली.

“साहेब, इथं कोणीच नव्हतं म्हणता. मग गोधड्या धुवायला मनाई कोणाला केली? माकडांना?”

साहेबांनी मान वर केली.

“तुमच्या आई दसरा कुठं काढतात?” मी विचारलं.

“नदीवरच.”

“मग त्यांना जाऊन सांगा, तुमी जिथं बसून बडवता तिथं कोणी नसतं म्हणून. बघा काय हातात घेतात ते.”

साहेब हसले. सौद्यात समोरचा हसला की तो शून्यावरून वर सरकतो. “बरं,” ते म्हणाले, “एक शब्द बदलू. पण पाटी नवी होणार न्हाई. आहे त्या जागेत बसला पाहिजे.”

पेंटर तेव्हा डोहाच्या काठी बदकाच्या होडीला डोळा काढत होता. त्याला पाटीपाशी बोलावलं, आम्हीही गेलो. त्याने ओळीवर वीत लावली, एक डोळा मिटून पाहिलं आणि निकाल दिला, “निर्जन खरवडला तर तीन अक्षरांची जागा. चौथं बसणार न्हाई.”

“निवांत,” साहेब लगेच म्हणाले. “पूर्वी हे ठिकाण निवांत होते. छान वाटतं.”

“निवांत?” मी उसळलेच. “बावीस वर्षांत एक दिवस बूड टेकलं न्हाई मी. पन्नास बायका एकदम गोधड्या बडवायच्या तेव्हा धबधब्याचा आवाज ऐकू यायचा न्हाई. निवांत म्हणे!”

“मग तुम्ही सांगा.”

मला सासऱ्यांचा शब्द आठवला. ते जुन्या काळचे, उर्दूत शिकलेले. भरलेल्या गावाला, पिकल्या शेताला, लेकराबाळांच्या घराला ते एकच शब्द वापरायचे. “आबाद,” मी म्हटलं. पेंटरने बोटांवर अक्षरं मोजली आणि मान डोलवली.

साहेबांनाही शब्द आवडला, पण ते कचेरीतलं माणूस. “याने अर्थ उलटा होतो, मावशी. उद्या वरून विचारलं तर मी काय दाखवू? निर्जनला कागद आहे. आबादला तुम्ही काहीतरी लेखी आणा. एक पावती, एक चिठ्ठी, काहीही.”

त्यांनी ‘निर्जनला कागद आहे’ म्हटलं तेव्हाच मी कान टवकारायला हवे होते. पण मी तेव्हा जिंकत होते, आणि जिंकताना मला ऐकू येत नाही.

घरी येऊन ट्रंक उपसली. मुलींच्या गुणपत्रिका निघाल्या, गॅसच्या पावत्या निघाल्या, सासूबाईंची जपमाळ निघाली. नदीवरच्या चहाचा पुरावा म्हणावा असा चिटोरा नाही. मालक यंत्रावर कोणाच्या तरी बाहीला अस्तर लावत होते.

“काय हुडकून राहिलीस?”

मी सगळं सांगितलं. त्यांनी पायडल थांबवलं नाही. “जाऊ दे ना,” म्हणाले, “वाक्य तसं बरं हाय ते.”

“बरं हाय? तुमी माझ्या बाजूचे का पाटीच्या बाजूचे?”

“मी अस्तराच्या बाजूचा. ते आत राहतं, कोणाशी भांडत न्हाई.”

पाटी लागल्यापासून ते रोज संध्याकाळी फाटकाकडे फेरी मारायला जात होते. गुडघे मोकळे होतात म्हणायचे. मी म्हटलं, निदान जाता-येता त्या ओळीवर थुंकून तरी या. ते दोरा ओवत राहिले.

कागद नाही तर माणसं नेऊ, असं मी ठरवलं. घट बसायला आठ-नऊ दिवस होते; गावात दसरा काढणं चालूच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या घाटावर जाऊन मी पाच जणी गोळा केल्या, सगळ्या माझ्याहून मोठ्या. ओल्या लुगड्यांनिशी, हातात धोपाटणी घेऊन आमची मिरवणूक उद्यानात शिरली. तिकीटवाल्याने धोपाटणी पाहून तिकीट मागितलं नाही.

साहेबांना मी रांजणांपाशी उभं केलं. एकेक बाई पुढे झाली. पहिलीने डोळे मिटून, नुसता हात फिरवून आपला रांजण ओळखला. दुसरीचा रांजण आता कठड्याच्या आत गेलाय. तिने गजांतून दंडापर्यंत हात घातला, तळ चाचपडला आणि एक जुनी, हिरवी पडलेली पितळी वाटी वर काढली. “बघा, ही हरवली म्हणून सासूनं मला आठ दिवस बोलून घेतलं!” तिने ती वाटी साहेबांच्या नाकासमोर धरली. सहलीला आलेले लोक फोटो काढू लागले. बदामाच्या चौकटीत कोणीच उभं नव्हतं.

सगळ्यात म्हातारी आजी डोंगरकड्याकडून या गावात लग्न होऊन आलेली. ती म्हणाली, “साहेब, ह्या खडकावर माझ्या सासूनं गोधडी बडवली अन् गोधडीसंगं मलाबी. इथं कोणी नव्हतं म्हणता, मग मला वाचवायला पंचवीस जणी कुठून आल्या होत्या?”

साहेबांनी हात जोडले. “बराबर हाय आजी. मी लिहितो आबाद. चला कचेरीत, तुम्हां सगळ्यांचे अंगठे-सह्या घेतो. जुनी फाईल पण जोडतो; म्हणजे कशावरून काय दुरुस्त केलं ते वरच्यांना कळेल.”

आम्ही सहाही जणी त्या छोट्या खोलीत मावलो. साहेबांनी कपाट उघडलं, तळातली एक पिवळी पडलेली फाईल काढली, धूळ झटकली आणि पहिलाच कागद मोठ्याने वाचायला घेतला. त्यांनी तो आधी पाटीसाठी वाचलेला होता, पण तेव्हा खाली सही कोणाची आहे ते पाहण्याचं त्यांना काही कारण पडलं नसणार.

“‘महोदय, अर्जदार बाई गरीब असून चहाचे दुकान टाकू इच्छिते. सदर ठिकाण निर्जन व दुर्लक्षित आहे. तेथे दिवसभरात चिटपाखरूही फिरकत नाही. सबब जागेचे भाडे नाममात्र आकारावे, ही विनंती.’”

साहेब थांबले. त्यांनी कागद जवळ नेला, लांब नेला आणि मग माझ्यापुढे ठेवला. खाली माझी सही होती. आठवीतल्या मुलीची सही, प्रत्येक अक्षर वेगळ्या दिशेला पडणारी.

मला तो दिवस आठवला. छप्पर टाकायचं तर परवानगी पाहिजे, आणि परवानगीला भाडं. जागा घ्यायची होती, म्हणून मी जागेला नावं ठेवली. मी खडकावर उभी राहून एकेक वाक्य सांगत होते आणि मालक मांडीवर दगडी पाटी घेऊन तिच्यावर कागद ठेवून लिहीत होते. माझ्या पाठीमागे पन्नास बायकांची धोपाटणी चालू होती. चिटपाखरूही फिरकत नाही, हे मला ओरडून सांगावं लागलं होतं. भाडं नाममात्र लागलं. त्या सौद्याचा मला पुढे कितीतरी वर्षं अभिमान होता.

मग मागून त्या डोंगरकड्याच्या आजीचा आवाज आला.

“चिटपाखरू म्हंजे आमीच का गं?”

पाचही जणी अशा हसल्या की भिंतीवरचं कॅलेंडर हललं. एकीला तर खाली बसावं लागलं. साहेब खिडकीबाहेर पाहत होते. त्यांचे खांदे हलत होते. मला नेहमीप्रमाणे राग आला, पण तो ठेवायला जागा सापडेना. साहेबांवर काढावा तर त्यांनी माझंच म्हणणं पाटीवर घातलेलं. जन्मात पहिल्यांदा कोणी माझं म्हणणं जसंच्या तसं मान्य केलं होतं, आणि मी त्याच्यावर धोपाटणी घेऊन चालून गेले होते.

घरी आले तेव्हा मालक कापड बेतत होते.

“तुमाला ठाऊक होतं?”

“व्हय.”

“कधीपासून?”

“पाटी लागली त्या दिवसापासून. अक्षर माझंच, शब्द कसे इसरेन?”

“मग बोलला काहून न्हाई? मला त्या पाच जणींसमोर...”

त्यांनी कात्री खाली ठेवली. ते कात्री खाली ठेवतात तेव्हा मी गप्प बसते, कारण असं क्वचित होतं.

“तू ‘ओसाड’ म्हणली होतीस,” ते म्हणाले. “ओसाड अन् कोणी इचारत न्हाई अशी जागा. मी ‘निर्जन व दुर्लक्षित’ लिहिलं. शब्द माझे हायत. तो मधला ‘व’ बघ. ‘आणि’ घातलं असतं तर वाक्य बसलं असतं खाली. मी लई इचार करून ‘व’ घातला होता.”

मी तिथेच कापडाच्या ढिगावर बसले.

“माझ्या हातचं सगळ्या गावानं अंगावर घातलं,” ते म्हणाले, “पण लिहिलेलं कोणी वाचलं न्हाई. आता बाहेरगावची माणसं थांबून वाचतात. परवा एका मास्तरानं पोरांना मोठ्यानं वाचून दाखवलं. मी मागं उभा होतो.”

एवढं बोलून त्यांनी कात्री उचलली. गुडघ्यांसाठी रोज संध्याकाळी फाटकाकडे जाणारी ती फेरी मला तेव्हा कळली.

माझ्या धंद्यात प्रत्येक गोष्टीला काही ना काही भाव असतो आणि तो खाली आणता येतो. या गोष्टीला कुठून हात घालावा ते मला कळेना. ती ओळ राहिली तर मी, सासूबाई आणि रांजणांवर वाकलेल्या सगळ्या बायका कायमच्या पुसल्या जात होतो. रविवारी गर्दीने येणाऱ्या लोकांना वाटणार, साहेब आले आणि मग इथे माणूस उगवला. आणि ती ओळ खरवडली तर या माणसाने आयुष्यात लिहिलेला पाटीवर चढलेला एकुलता एक शब्द पेंटरच्या पत्र्याने निघून खाली मातीत पडणार. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचं आधण ठेवलं, ते दोनदा आटलं. तिसऱ्यांदा ठेवलं तेव्हा मला सापडलं.

साहेब पेंटरला घेऊन पाटीपाशीच उभे होते. “बोला मावशी. आबाद लिहू? फाईल मी पाहिलीच न्हाई असं समजतो.”

“फाईल पाहिलीच पाहिजे,” मी म्हटलं. “निर्जन खरवडू नका. त्याच्या आधी एक शब्द वाढवा.”

“जागा न्हाई,” पेंटर म्हणाला.

“वर घुसवा. शाळेत पोरं खूण करून शब्द घुसवतात तसा.”

“कोणता?”

“कागदोपत्री.”

साहेबांनी वाक्य तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं : पूर्वी हे ठिकाण कागदोपत्री निर्जन व दुर्लक्षित होते. मग मोठ्याने म्हटलं. मग हसायला लागले, आणि हसता हसता एकदम काळजीत पडले. “अन् वरून कोणी विचारलं तर?”

“फाईल दाखवा. कागदोपत्री निर्जनच हाय ना?”

साहेबांनी मान डोलवली. “बराबर हाय,” ते म्हणाले. “खोट काढायला जागाच न्हाई ठेवली तुम्ही.”

पेंटर मात्र अडून बसला. पाच अक्षरं, तीही बारीक, तीही ओळीच्या वर. त्याला महिनाभर फुकट चहा पाहिजे होता. मी त्याचं अक्षर वाकडं असल्याचं त्याला दाखवून दिलं, बदकाचा डोळा चकणा झाल्याचं सांगितलं, आणि घट बसेपर्यंत रोज दोन चहा यावर सौदा पटवला. घट बसायला सात दिवस होते हे त्याने नंतर मोजलं.

आता ती ओळ तशीच आहे. ‘ठिकाण’च्या पुढे एक पिवळी खूण आणि वर चिमटून बसवलेला ‘कागदोपत्री’. गुरुजींनी तपासलेल्या वहीसारखी पाटी दिसते. येणारे लोक आधी पहिल्या दोन ओळींवरून घाईने जायचे. आता तिसरीपाशी थांबतात, हसतात आणि एखादा तरी माझ्याकडे येऊन विचारतो, याचा अर्थ काय. मी त्याला बसवते, चहा देते आणि सगळ्या सात ओळी तोंडी सांगते, ज्या साहेबांनी दिल्या नाहीत. वाटीचं सांगते, आजीचं सांगते. गोधड्यांची मनाई मात्र अजून उठलेली नाही. त्यावर मी साहेबांशी पुन्हा बोलणार आहे, या वेळी चप्पल न घालता.

पेंटरचा रंग वाळला त्या संध्याकाळी मालक मला घेऊन पाटीपाशी गेले. त्यांनी चष्मा पुसला, ओळ दोनदा वाचली. ‘व’ जागेवर होता.

“शेवटी माझ्या वाक्याला नावं ठेवलीसच,” ते म्हणाले.

“घ्यायचं होतं,” मी म्हटलं, “म्हणून.”